गल्लीतलं काम अंदाजपत्रकात कसं आणायचं: महापालिकेत नव्याने लक्ष घालणाऱ्यांसाठी

महापालिकेकडे काम घेऊन जाणारी बहुतेक माणसं चुकीच्या महिन्यात जातात. जुलैत गल्लीत पाणी तुंबतं, मग सगळे मिळून वॉर्ड ऑफिस गाठतात, अभियंत्याला घेराव पडतो, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. अभियंता सांगतो, 'बजेट नाही.' लोकांना वाटतं, टोलवाटोलवी चालली आहे. पुष्कळदा तो खरंच बोलत असतो, कारण त्या वर्षाचे पैसे मार्चमध्येच वाटून झालेले असतात. पुढच्या वर्षाच्या कामांची यादी पावसाळा ओसरता ओसरता, साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये, खात्याखात्यांत तयार होऊ लागते. नेमकं तेव्हा पाणी ओसरलेलं असतं आणि कार्यालयाकडे कुणी फिरकत नाही.

महाराष्ट्रातल्या महापालिकेच्या हद्दीत राहणाऱ्या आणि या कारभारात पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. तुमच्याकडे नगरपरिषद असेल तर कायदा वेगळा लागू होतो (१९६५ चा), आयुक्तांच्या जागी मुख्याधिकारी असतात. पैशाची वाट मात्र बरीचशी अशीच असते. सोयीसाठी एकच काम धरून चालू: गल्लीत पावसाळी गटार नाही, ते टाकून हवं आहे.

पहिली पायरी: तक्रार आहे की मागणी?

जी गोष्ट आहे पण बिघडली आहे, तिची तक्रार करायची. दिवा बंद आहे, चेंबरचं झाकण फुटलंय, कचरा उचलला नाही, गटार तुंबलंय. यासाठी देखभाल-दुरुस्तीच्या शीर्षाखाली (म्हणजे अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या सदराखाली) पैसे आधीच ठेवलेले असतात आणि ठेकेदारही बहुधा वर्षभरासाठी नेमलेला असतो. ॲपवर, हेल्पलाइनवर (मुंबईत १९१६) किंवा क्षेत्रीय कार्यालयात नोंद करा, क्रमांक घ्या. 'तक्रारीचे निराकरण झाले' असा मेसेज आला आणि झाकण अजून फुटकंच असेल तर चिडून सोडून देऊ नका. तारीख दिसेल असा फोटो जोडून तीच तक्रार पुन्हा उघडा. या तक्रारींचे क्रमांक वहीत लिहून ठेवा, पुढे कामाला येतात.

जी गोष्ट मुळात नाहीच, तिची मागणी करायची. नवं गटार, नवा पदपथ, रस्त्याचं काँक्रिटीकरण, बागेतलं स्वच्छतागृह. ही भांडवली कामं. ॲपवर तक्रार टाकून ती होत नाहीत, कारण ॲप हाताळणाऱ्या माणसाकडे त्यासाठी पैसाच नसतो. नवखा माणूस इथेच वर्षभर अडकतो. चाळीस वेळा तक्रार नोंदवतो, चाळीस वेळा ती बंद होते, आणि शेवटी 'यांना काही पडलेली नाही' असं म्हणून घरी बसतो.

तिसरा प्रकार दाखल्यांचा: जन्म-मृत्यू नोंद, मिळकतकराची थकबाकी नसल्याचा दाखला, नळजोड. यांना महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ लागू आहे. प्रत्येक अधिसूचित सेवेची मुदत आणि जबाबदार अधिकारी कोण, हे कार्यालयात फलकावर लावणं बंधनकारक आहे. मुदत उलटली तर अपील करता येतं, आणि सबळ कारणाशिवाय सेवा दिली नसेल तर त्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. प्रत्यक्षात दंड क्वचितच होतो, पण अपील दाखल झालं की फाइल हलते. दाखल्यांबद्दल एवढं पुरे.

दुसरी पायरी: रस्ता कुणाचा?

शहरातला प्रत्येक रस्ता महापालिकेचा नसतो. काही सार्वजनिक बांधकाम विभागाचे, काही रस्ते विकास महामंडळाचे, काही एमआयडीसीचे, छावणी हद्दीत छावणी मंडळाचे (कँटोन्मेंट बोर्डाचे), रेल्वेच्या जागेतले रेल्वेचे. मुंबईतल्या पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्गांची देखभाल २०२२ पर्यंत एमएमआरडीएकडे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) होती, त्यानंतर ती महापालिकेकडे आली. तोवर तिथल्या खड्ड्यांसाठी महापालिकेला शिव्या घालणारी माणसं चुकीच्या दारात उभी होती.

याहून जास्त गुंता गल्लीबोळांत असतो. बिल्डरने ले-आउट मंजूर करून घेतला, प्लॉट विकले आणि निघून गेला. अंतर्गत रस्ता महापालिकेकडे कधी हस्तांतरितच झाला नाही. कागदावर तो खासगी जागेतला रस्ता, त्यामुळे त्यावर सार्वजनिक पैसा टाकायला लेखा विभाग हरकत घेतो. तुमच्या गल्लीची हीच गत असेल तर आधी रस्ता ताब्यात देण्याचं प्रकरण हातात घ्यावं लागतं, गटार नंतर. दुसरी अडचण डीपी रस्त्याची. विकास आराखड्यात बारा मीटरचा रस्ता आखलेला असतो, जागेवर मात्र निम्माच असतो, कारण उरलेल्या पट्ट्याचं भूसंपादन झालेलं नसतं. अशा ठिकाणी गटाराला उतार मिळत असला तरी जागा मिळत नाही. आराखड्याचा नकाशा महापालिकेच्या संकेतस्थळावर असतो. तो उघडून आपली गल्ली शोधायला अर्धा तास लागेल, पण तो अर्धा तास पुढची दोन वर्षं वाचवतो.

आणि 'ड्रेनेज' म्हणताना आपल्याला काय म्हणायचं आहे तेही नीट पाहून घ्या. सांडपाण्याची वाहिनी वेगळी, पावसाच्या पाण्याची वेगळी. मुंबईत त्यांची खातीही वेगळी आहेत: एकीकडे मलनिःसारण, दुसरीकडे पर्जन्य जलवाहिन्या. एकीचा अर्ज दुसऱ्या खात्यात गेला तर तो तिथून 'आपणाकडील विषय' असा शेरा मारून परत येतो, आणि त्यात दोन महिने जातात.

तिसरी पायरी: कोण काय ठरवतं

मुंबई सोडून बाकी महापालिका महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ खाली चालतात, मुंबईचा कायदा १८८८ चा आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने (१ जून १९९३ पासून लागू) बाराव्या अनुसूचीत शहरांसाठी १८ विषय दिले: नगररचना, रस्ते व पूल, पाणी, आरोग्य, अग्निशमन, पथदिवे, स्मशानभूमी, अगदी कोंडवाडेसुद्धा. यातलं सगळंच महापालिकेकडे पूर्णपणे आलेलं नाही. १९४९ च्या कायद्यात कलम ६३ आणि कलम ६६ असा फरक आहे. ६३ मधली कामं महापालिकेला करावीच लागतात, ६६ मधली तिच्या मर्जीवर असतात. सांडपाणी, पाणी, रस्त्यांची देखभाल हे ६३ मध्ये येतं. मागणीपत्रात हे कलम लिहिलं तर उत्तर देणाऱ्याला शब्द जपून वापरावे लागतात.

माणसं तीन जागी बसलेली असतात. आयुक्त हे राज्य सरकारने नेमलेले अधिकारी, प्रशासन त्यांच्या हातात. स्थायी समितीत सोळा सदस्य, दरवर्षी त्यातले निम्मे निवृत्त होतात (मुंबईची समिती मोठी असते). पैशाच्या किल्ल्या इथे. एका मर्यादेपुढचं प्रत्येक टेंडर इथूनच मंजूर व्हावं लागतं. तिसरी सर्वसाधारण सभा, तिलाच कुठे महासभा म्हणतात, कुठे मुख्य सभा. महापौर या सभेचे अध्यक्ष, पण कारभाराची सही त्यांची नसते. 'महापौरांना निवेदन दिलं' याला बातमीत किंमत आहे, फाइलीत फारशी नाही. सभेने केलेला ठराव कायद्याला धरून नसेल तर कलम ४५१ खाली राज्य सरकार तो निलंबित करू शकतं, पुढे विखंडितही (म्हणजे रद्दही) करू शकतं, हेही लक्षात असू द्या.

२०२२ च्या मार्चपासून मुंबई-पुण्यासह अनेक शहरांत निवडून आलेली सभाच नव्हती. प्रशासकच स्थायी समिती आणि प्रशासकच सभा, म्हणजे प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. २९ महापालिकांसाठी मतदान झालं ते जानेवारी २०२६ मध्ये. प्रशासकांच्या काळातली कागदपत्रं पाहताना ठरावांवर चर्चेची नोंद सापडत नाही, त्याचं कारण हे.

रोजच्या कामासाठी मात्र तुमची गाठ खालच्या फळीशी. कनिष्ठ अभियंता म्हणजे जेई, त्याच्यावर उपअभियंता, त्याच्यावर कार्यकारी अभियंता. सफाईसाठी मुकादम आणि आरोग्य निरीक्षक. यातला जेई सगळ्यांत महत्त्वाचा. जागेची पाहणी तोच करतो, एस्टिमेटही तोच बनवतो. त्याच्या टेबलाशी जाऊन 'साहेब, जरा जागेवर येता का?' म्हणणं हे आयुक्तांना पाठवलेल्या दहा ईमेलपेक्षा जास्त उपयोगी पडतं. त्याला सकाळी अकराच्या आत गाठा, नंतर तो साइटवर असतो किंवा मीटिंगमध्ये.

चौथी पायरी: पैसा येतो कुठून

हे समजून घ्यायला घरात आलेलं मिळकतकराचं बिल घ्या आणि रकमेखालचे रकाने वाचा. सर्वसाधारण कर, सफाई कर, पाणीपट्टी किंवा जललाभ कर, मलनिःसारण लाभ कर, अग्निशमन, वृक्ष कर. नावं शहरागणिक थोडी बदलतात. त्यातच राज्य शिक्षण कर दिसेल, आणि दुकान किंवा कार्यालय असेल तर रोजगार हमी करही. हे दोन महापालिका फक्त वसूल करते आणि राज्य सरकारकडे जमा करते. म्हणजे 'एवढा टॅक्स भरतो' म्हणताना त्यातला एक भाग महापालिकेचा नाहीच. कर कशावर बसतो हेही वेगवेगळं आहे: मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्यावर, पुण्यासारख्या ठिकाणी वार्षिक भाड्यावरून काढलेल्या करयोग्य मूल्यावर.

एकेकाळी महापालिकांचा खरा आधार जकात होता. बहुतेक शहरांत तिच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, २०१५ च्या ऑगस्टमध्ये बहुतांश व्यापाऱ्यांना त्यातूनही सूट मिळाली, आणि मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला जीएसटीबरोबर संपली. त्या बदल्यात राज्य सरकार दर महिन्याला नुकसानभरपाई देतं, ती दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढवण्याची तरतूद कायद्यात आहे. रक्कम मोठी असते आणि वेळेवरही येते, पण ती वाढवणं-कमी करणं शहराच्या हातात नाही. शहराच्या हातात उरले मिळकतकर, पाणीपट्टी आणि बांधकाम परवानग्यांतून येणारं विकास शुल्क. यातलं शेवटचं फार लहरी. बांधकाम व्यवसाय तेजीत असला की तिजोरी भरते, मंदीत आटते. बाकी केंद्र-राज्याची अनुदानं, वित्त आयोगाचा निधी, कर्ज आणि क्वचित रोखे. पुण्याने २०१७ मध्ये चोवीस तास पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे रोखे काढले होते.

पाचवी पायरी: अंदाजपत्रक उघडा

ते संकेतस्थळावर पीडीएफमध्ये असतं, शेकडो पानांचं, आणि बरेचदा स्कॅन केलेलं, त्यामुळे शोधाच्या चौकटीत काही टाइप करून फायदा नाही. मोठे आकडे पाहून दचकू नका. मुंबईचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचं होतं, पुण्याचं १२,६१८ कोटींचं. तुम्हाला त्यातल्या एका ओळीशी काम आहे.

आधी महसुली आणि भांडवली हे दोन भाग ओळखा. महसुलीत पगार, निवृत्तिवेतन, वीजबिल, देखभाल. भांडवलीत नवी कामं. महसुली जमा जेमतेम महसुली खर्चाला पुरत असेल तर भांडवली भागातल्या लांबलचक याद्या शोभेच्या समजा.

मग रकाने. प्रत्येक लेखाशीर्षापुढे साधारण चार आकडे असतात: मागच्या पूर्ण वर्षात प्रत्यक्ष झालेला खर्च, चालू वर्षाची मूळ तरतूद, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, आणि पुढच्या वर्षाची तरतूद. नवखे फक्त शेवटचा आकडा वाचतात, पेपरवालेही बहुधा तोच छापतात. तुम्ही पहिला वाचा. समजा, 'पावसाळी गटारे – नवीन कामे' या शीर्षापुढे असं आहे: प्रत्यक्ष ४ कोटी, मूळ तरतूद २० कोटी, सुधारित ७ कोटी, पुढच्या वर्षी २५ कोटी. या ओळीचा अर्थ असा की दरवर्षी वीस-पंचवीस कोटी लिहायचे, वर्षाच्या मध्यात पैसे दुसरीकडे वळवायचे आणि शेवटी चार-सात कोटींचं काम करायचं. पुढच्या वर्षीच्या २५ कोटींतून तुमच्या गल्लीला काही मिळण्याची शक्यता त्या पहिल्या चारवरून जोखायची असते. कुठे कुठे एखाद्या कामापुढे एक लाखाची टोकन तरतूद दिसेल. ती कामासाठी नसते, शीर्ष उघडं ठेवण्यासाठी असते, म्हणजे पुढे दुसरीकडून पैसे आणून टाकता येतात. तरीही टोकन मिळालं तर घ्यावं. शीर्षच नसेल तर पैसे आणून टाकायला जागाही नसते.

शेवटी 'दायित्व' हा शब्द शोधा. आधीच्या वर्षांत कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा लेखी आदेश) दिलेल्या कामांची जी बिलं अजून द्यायची आहेत, ते दायित्व. ज्या खात्याचं दायित्व तरतुदीच्या जवळ पोचलंय, त्या खात्याला नव्या वर्षात नवं काही करता येत नाही, मग अधिकारी कितीही भला असो.

आयुक्त आपलं अंदाजपत्रक स्थायी समितीला सादर करतात. करांचे दर ठरवण्याची मुदत २० फेब्रुवारी. स्थायी समिती त्यात आपल्या योजना घालून आकडा वाढवते आणि ते सभेपुढे जातं, सभेने ३१ मार्चच्या आत मंजुरी द्यायची. हा वाढवलेला आकडा जमेच्या बाजूलाही कुठेतरी दाखवावाच लागतो, मग थकबाकी वसुलीतून अमुक कोटी येतील असं लिहितात. ती थकबाकी दरवर्षी तीच असते. आयुक्तांचं आणि स्थायी समितीचं अशी दोन्ही अंदाजपत्रकं शेजारी ठेवून फक्त जमेची पानं ताडून पाहिली तरी कारभाराचा अंदाज येतो.

सहावी पायरी: मागणीपत्र

पत्र एका पानाचं, एकाच कामाचं. 'प्रभागातील विविध समस्या' असं पंचवीस मुद्द्यांचं निवेदन दिलं की ते पाच खात्यांत फिरतं आणि कुणाचंच होत नाही. विषयाची ओळ साधारण अशी असावी: 'अमुक गल्लीत (अमुक चौक ते अमुक नाला, अंदाजे १८० मीटर) पावसाळी गटार टाकण्यासाठी पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात तरतूद करण्याबाबत.' खाली चार-पाच वाक्यं: पाणी कुठे साचतं, किती वेळ राहतं, जवळची अस्तित्वातली वाहिनी कुठे आहे, रस्ता महापालिकेच्या ताब्यात आहे. सोबत पावसातले फोटो, आधीच्या तक्रारींचे क्रमांक आणि रहिवाशांच्या सह्या. वहीत लिहून ठेवलेले ते क्रमांक इथे लागतात: एकाच जागेच्या सहा तक्रारी म्हणजे देखभालीने भागत नाही याचा महापालिकेच्याच नोंदीतला पुरावा. कार्यकारी अभियंत्याच्या नावे लिहा आणि प्रत नगरसेवकांना द्या.

पत्र बारनिशीत (कार्यालयाच्या आवक-जावक टेबलावर) द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. टेबलावर ठेवून आलेल्या पत्राला कागद म्हणत नाहीत. 'ठेवा इथं, साहेब आले की देतो' असं कुणी म्हणालं तर हसून बारनिशीकडे वळायचं.

नगरसेवकाकडे जाणं अनेकांना कमीपणाचं वाटतं. ते सोडा. काही शहरांत नगरसेवकांच्या कामांची स्वतंत्र यादीच अंदाजपत्रकाला जोडलेली असते, पुण्यात तिला 'स' यादी म्हणतात, आणि गल्लीतली लहान कामं मुख्यत्वे अशा यादीतून होतात. त्यांना 'ताई' म्हणा, 'भाऊ' म्हणा, पण पत्राची पोच त्यांच्याकडूनही घ्या. मुंबईबाहेर बहुतेक ठिकाणी एका प्रभागात चारपर्यंत नगरसेवक असतात. चौघांनाही पत्र द्या, नाहीतर एकाचं काम म्हणून दुसरा त्यात पाय घालतो. फलकावर नाव कुणाचं, यावरून अडलेली कामं कमी नाहीत.

पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून थेट कामं सुचवून घेण्याची सोय आहे. ठरावीक तारखांत अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा, काम पाच लाखांच्या आतलं असावं लागतं. बाकं, पदपथाची दुरुस्ती, दिवे यांसाठी हे बरं, १८० मीटरचं गटार बहुधा त्यात बसणार नाही. तीन लाखांवरच्या लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या असतात. तिच्या विषयपत्रिकेवर आपला विषय आणणं जमलं तर कार्यवृत्तात नोंद होते, तेवढा फायदा.

सातवी पायरी: तरतूद झाली, पुढे काय?

इथेच बहुतेक लोक ढिले पडतात. एप्रिलमध्ये यादीत आपली गल्ली दिसते, नगरसेवकाचा सत्कार होतो, आणि पुढच्या मार्चमध्ये काहीच झालेलं नसतं.

तरतुदीनंतर फाइल अशी चालते: जेई जागेची पाहणी करून पूर्वगणनपत्रक म्हणजे एस्टिमेट बनवतो, दर राज्याच्या दरसूचीतून घेतो. त्याला तांत्रिक मान्यता, मग प्रशासकीय आणि आर्थिक मान्यता, मग लेखा विभागाकडून 'तरतूद उपलब्ध' असा शेरा. त्यानंतर ई-निविदा. पुरेसे ठेकेदार आले नाहीत तर मुदतवाढ, फेरनिविदा. रक्कम मर्यादेपलीकडची असेल तर प्रस्ताव स्थायी समितीत, तिथे तो मान्य होतो, तहकूब होतो किंवा दफ्तरी दाखल होतो. दफ्तरी दाखल म्हणजे संपलं, नव्याने सुरुवात. शेवटी कार्यादेश. सगळं सुरळीत झालं तरी चार-सहा महिने जातात. एप्रिलमध्ये एस्टिमेट सुरू झालं तर दिवाळीनंतर काम लागतं. सप्टेंबरमध्ये सुरू झालं तर मार्चअखेर तरतूद वाया जाते.

म्हणून एप्रिल-मेमध्ये जेईला एवढाच प्रश्न विचारायचा: 'एस्टिमेट झालं का, फाइल आता कुणाकडे आहे?' महिन्यातून एकदा, शांतपणे. फाइलचा क्रमांक मिळवा. क्रमांक नसलेल्या फाइलीबद्दल कुणालाही काहीही सांगता येतं.

वाटेतला सगळ्यांत मोठा खड्डा म्हणजे वर्गीकरण. एका शीर्षाचे पैसे दुसऱ्याकडे वळवण्याचा प्रस्ताव, जो स्थायी समितीत आणि सभेत येतो. तुमच्या गटाराचे पैसे प्रवेशद्वाराच्या कमानीकडे जातात ते याच वाटेने. सभेची विषयपत्रिका आधी प्रसिद्ध होते. डिसेंबरपासून 'वर्गीकरण' शब्द असलेले विषय डोळ्यांत तेल घालून वाचा, आणि आपलं शीर्ष दिसलं तर त्याच दिवशी नगरसेवकांना आणि कार्यकारी अभियंत्याला लेखी हरकत द्या. मंजुरीनंतर दिलेली हरकत कुणी वाचत नाही.

कागद कसे मिळवायचे

आधी संकेतस्थळ पाहा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे बरंच काही न मागता जाहीर करायचं असतं. राज्य सरकारने २०१८ मध्ये परिपत्रक काढून सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत असं सांगितलं आहे. सगळीकडे उत्साहाने दाखवतात असं नाही, पण परिपत्रकाची प्रत बरोबर नेली तर नकार द्यायला जड जातं.

नाहीच मिळालं तर अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत असावा लागतो. 'काम का झालं नाही?' असं विचारू नका. 'का' हा अभिलेखात नसतो, त्यामुळे उत्तरही मिळत नाही. कागद मागा: पूर्वगणनपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची पानं, अदा केलेली बिलं. उत्तर नाही आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. आयोगाकडे रांग लांब आहे, पहिल्या अपिलातच काम व्हावं अशा बेताने अर्ज लिहा.

काम चालू असताना

ठेकेदाराने अंदाजित दरापेक्षा तीस-पस्तीस टक्के कमी दराने काम घेतलं असेल तर जागेवर जास्त वेळा जा. तो फरक कुठून तरी भरून निघणार, आणि तो बहुधा जमिनीखाली निघतो, जिथे नंतर कुणाला दिसत नाही.

कार्यादेशाची प्रत हातात असेल तर बघायचं काय ते सोपं आहे. पाइपचा व्यास किती लिहिलाय, ४५० मिमी की ३००? तो पाइपवर छापलेला असतो, नसला तर टेप लावा. खोदाई किती खोल, खाली काँक्रिटचा थर टाकला की थेट मातीवर पाइप ठेवला, चेंबर किती अंतरावर. खड्डा बुजवायच्या आत टेप लावून फोटो काढा, कारण मोजमाप पुस्तिकेत नेमक्या याच लांबी-रुंदी-खोलीचे आकडे चढतात आणि त्यावरच बिल निघतं. मजुरांशी वाद घालू नका, त्यांच्या हातात काही नसतं. फरक दिसला तर जेईला फोटो पाठवा आणि त्याच दिवशी बारनिशीत एक पत्र द्या. बिल निघण्याआधी आलेलं पत्र फाइलीला लागतं, आणि मग सही करणाऱ्याला त्यावर काहीतरी शेरा लिहावाच लागतो.

काम संपलं की दोषदायित्व कालावधी किती ते विचारून तारीख लिहून ठेवा, कार्यादेशातही तो असतो. या काळात रस्ता खचला, चेंबर बसलं तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. त्याची अनामत रक्कम तोवर महापालिकेकडे अडकलेली असते. कालावधी संपण्याच्या दोन महिने आधी, जमल्यास एका पावसाळ्यानंतर, गल्ली पायी फिरून दोषांची यादी द्या. एव्हाना जेईची बदली झालेली असेल. नव्या जेईला या गटाराची काहीच माहिती नसणार, तेव्हा कार्यादेश, फोटो आणि आवक क्रमांकांची एक झेरॉक्स प्रत त्याच्यासाठी वेगळी काढून ठेवा.